चौथ्या डबीची वेगळी चूल

सोनई, ता. नेवासा
मंगळवार, ३१ मार्च २०२६

आदरणीय कचरूमामांस,

स्नेहलचा सविनय जय भीम. मामींनाही सांगावा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (पत्र पुरं होईपर्यंत तुमचं मत बदललं तर माझी हरकत नाही). तुमच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या येतात आणि म्हणून चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला गिटारसाठी तुम्ही जामखेडचा कुणी वादक बघताय, असं मामींकडून आईला आणि आईकडून मला कळलं. गोळ्या वेळेवर घ्या. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि माझं बोलणं अख्खी गायन पार्टी ऐकते. या पत्रात पार्टीने ऐकू नये असा बराच मजकूर आहे.

आधी मागच्या पत्राची दुरुस्ती करते. त्यात मी लिहिलं होतं की तुमच्या गिटारचा आवाज बदलणाऱ्या चारही इफेक्टच्या डब्या उघडून मी एका मोठ्या डब्यात बसवल्या, प्रत्येकीला पायाने दाबायचं वेगळं बटण दिलं आणि सगळं चालू आहे. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी गोष्ट शनिवारी, १४ मार्चला, सकाळी सव्वादहा ते साडेदहा एवढा वेळ खरी होती. त्यातही मी प्रत्येक डबी वेगळी बॅटरी लावून एकेकटी तपासली होती. चौघींना एका अडॅप्टरवर एकदम चालवून पाहायचं राहिलं होतं. पण कानिफनाथभाऊंचा टेम्पो कांदा घेऊन खर्ड्याकडे निघाला होता आणि ते दारात हॉर्न वाजवत होते, म्हणून त्यांच्या हाती तुम्हाला पाठवायला मी आधी पत्र लिहिलं आणि तपासणी नंतर ठेवली. पॉलिटेक्निकला असताना आमच्या वर्गातली मुलं निष्कर्ष आधी लिहून प्रयोग नंतर करायची, तेव्हा मी त्यांना नावं ठेवली होती. ती सगळी आता मला रोज आठवतात.

डबा कसला, तेही मागच्या पत्रात मी मोघम लिहिलं होतं ('मजबूत लोखंडी'). तो पंपाच्या स्टार्टरचा डबा आहे. तुम्हाला माहीत आहे, अप्पा ग्रामपंचायतीच्या पाण्याची मोटर चालवतात. त्यांच्याकडे एक जुना रिकामा स्टार्टर पडून होता. फेब्रुवारीत त्या साखरपुड्यात तुमचा पाय चुकीच्या डबीवर पडला आणि संथ कडव्याला एकदम फाटका आवाज निघाला (सचिनदादा स्पीकर फाटला समजून गायचे थांबले, आणि नवरीकडची माणसं मांडवाची वायर तपासायला धावली), तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की पायाखाली भक्कम काहीतरी पाहिजे. स्टार्टरपेक्षा भक्कम वस्तू सोनईत मला दिसली नाही. त्याची हिरवी आणि लाल बटणंही मी तशीच ठेवली. हिरवं दाबलं की चारही डब्यांना एकदम वीज, लाल दाबलं की बंद. मला ही युक्ती फार आवडली होती.

आता आपल्या भागातली रीत बघा. लाईट आली की हिरव्या बटणाच्या जवळ जो असेल त्याने ते दाबायचं. मोटर कुणाची, हे कुणी विचारत नाही. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, लाईट आली, मी डबा अडॅप्टर आणि स्पीकरला जोडून ओट्यावर ठेवला आणि पाणी प्यायला आत गेले, आणि शेजारच्या छबूबाई ओट्यावर आल्या. "आगं, लाईट आली की! आन् तुज्या बापानं मोटर इथं कवा आनली?" असं म्हणत त्यांनी हिरवं बटण दाबलं. आधी असा आवाज आला की समोरच्या आळीतून कुणीतरी "बेअरिंग गेलं, बंद करा!" म्हणून ओरडलं. मग अडॅप्टरमधून धूर निघाला. छबूबाईंनी लाल बटणही तत्परतेने दाबलं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

चूक त्यांची नव्हती, माझीच होती. तुमच्या तीन डब्यांत बॅटरीचं ऋण टोक डब्याच्या पत्र्याला जोडलेलं आहे. चौथी, म्हणजे तुमच्या उस्तादांनी शेवटी तुमच्या हातात ठेवलेली ती फाटक्या आवाजाची जुनी डबी, तिच्यात मात्र उलटं आहे. धन टोक पत्र्याला. एकटी असते तेव्हा काही बिघडत नाही. चौघींचा पत्रा एक आणि वीज एक झाली की दोन्ही टोकं थेट भिडतात. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले आहे. पेपरात आलं होतं, आणि उत्तर बरोबर आलं होतं.

त्यानंतर उस्तादांची डबी बोलेना. ती गेली असती तर तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं, या विचाराने मी जेवण टाकलं. आईने कारण विचारलं तर तापाचं सांगितलं (तेही खोटं, ताप नव्हता). घरात पहिली शिकलेली मी. आमच्याकडे गोळ्यांच्या पाकिटावरची अक्षरं, लाईटबिलावरचे आकडे, निवडणुकीची पत्रकं, सगळं माझ्यापुढे येतं आणि मी सांगेन ते खरं धरतात. अशा घरात आपल्याला कळत नाही असं म्हणायलासुद्धा कुणाकडे जावं, हा प्रश्न पडतो.

नवव्या दिवशी मी अप्पांना सगळं सांगितलं. पत्रा, धन, ऋण, कागदावर चित्र काढून. अप्पांनी चित्र उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजी तिगींचं जमतंय आन् हिचं पयल्यापासून उलटं. मंग एका चुलीवर कशाला ठिवती? दे की वेगळी चूल मांडून!" मी त्यांना समजावून सांगू लागले की हे इतकं सोपं नसतं, आणि अर्ध्या वाक्यात थांबले. कारण ते तेवढंच सोपं होतं. चौथीला तिची स्वतःची छोटी बॅटरी दिली. तिघी अडॅप्टरवर, ही बॅटरीवर, घर एकच. डबी गेलेली नव्हती. तिची आत सुटलेली एक तार जोडल्यावर ती बोलली. अप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो आवाज नीट हाय व्हय?" मी हो म्हटलं. तर म्हणाले, "मंग आमी इतकी वर्सं बेअरिंगं उगाच बदलली."

मामींची तब्येत कळवावी.

आपली भाची,
स्नेहल

ता. क. अप्पांची वेगळी चूल ही सोमवारची, २३ मार्चची गोष्ट. म्हणजे डबा आठ दिवसांपासून नीट चालू आहे. मग तो आणि गिटार परत का पाठवली नाही, असं तुम्ही विचाराल. तपासणी चालू आहे, असं मी आईला सांगितलं आहे.

आणखी एक. तपासणीसाठी काहीतरी वाजवावं लागतं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही शिकवलेलं मी विसरले नव्हते. फेब्रुवारीपासून गिटार माझ्याकडे आहे. पार्टीच्या नऊ गाण्यांपैकी सहा मला पूर्ण येतात, दोन सांभाळून येतात आणि नववं चुकतं (रेकॉर्डिंग ऐकलं, ते तुमचंही त्याच जागी चुकतं). पहिल्या गाण्याची सुरुवात तर छबूबाई भाकरी थापताना गुणगुणतात.

शेवटचं. जामखेडच्या वादकाला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका. मी डबा मांडीवर घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने निघते आणि तुमच्यासमोर नऊही गाणी वाजवते. तुम्हाला पसंत पडलं नाही तर डबा आणि गिटार ठेवून दुसऱ्या दिवशी परत येईन, रडणार नाही (हे नक्की सांगता येत नाही). नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हणू नका, समोर म्हणा. आणि हे पत्र पार्टीला वाचून दाखवलंत तरी चालेल. तेव्हा सगळ्यांना बोलावून ठेवा. हिरवं बटण मात्र कुणाला दाबू देऊ नका. ते मी दाबणार आहे, शनिवारी, ११ एप्रिलला.