सांचीचा रविवार

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे उद्या स्वतःलाच वेगळं सांगता येणार नाही.

मध्य प्रदेशच्या सहलीची पुस्तिका आज संपवायची होती. मी डोंबिवलीत टूरच्या ऑफिसात बसून देशभरातल्या बघण्यासारख्या जागांवर लिहितो. मेघालयातले झाडांच्या मुळांचे पूल, कच्छचं पांढरं रण, हंपीचा दगडी रथ. यातलं स्वतः काही पाहिलेलं नाही. म्हणून तिथल्या चहावाल्यांना, फुलवाल्यांना फोन लावतो. पायऱ्या किती? कठडा आहे का? म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा कुठे? हे कुठल्या पुस्तकात नसतं, आणि आमच्या लोकांना तेच हवं असतं.

आज सांचीच्या काळुरामला फोन केला. त्याची तिथे चहाची टपरी आहे. आमची टूर दोन डिसेंबरला, मंगळवारी येतेय म्हटल्यावर हसला. "भैया, दो दिन पहले आ जाते! इतवार को मेला है. बुद्ध भगवान के दो चेलों की अस्थियाँ साल में उसी दिन बाहर निकलती हैं. मंगल को तो ताला मिलेगा."

फोन ठेवला आणि जाईबाईंचा फॉर्म काढला. मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "सांची – नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. त्यासाठीच येत आहेत."

ऑगस्टमध्ये आमच्या मालकांनी, उत्तमदादांनी, सांची रविवारीच ठेवलेली. मीच म्हटलं – रविवारी गर्दी असते, बस लावायला जागा मिळणार नाही, मंगळवारी नेऊ. पचमढी आधी करू. दादा म्हणालेले, "शाब्बास! डोकं आहे तुला."

जेवण गेलं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दादांना सांगितलं नाही. चार पानं शब्दकोश घेऊन दोनदा तपासली. शब्द सगळे बरोबर. वार चुकलेला!

रविवार, १६ नोव्हेंबर

जाईबाई डोळ्यांसमोरून हलत नाहीत. कल्याणला राहतात. नर्स होत्या, आता निवृत्त. बुकिंग करायला आलेल्या तेव्हा पांढरी साडी, हातात कापडी पिशवी, आत येताच "जय भीम" म्हणाल्या. मीही म्हटलं. पैसे एकदम भरले. मी विचारलं, खोली कुठल्या मजल्यावर हवी, जेवणात पथ्य काही? म्हणाल्या, "कुठलीही दे, काहीही वाढ. अडतीस वर्षं ड्यूटीचा तक्ता दुसऱ्यांनी बनवला. सांचीचा रविवार दर वर्षी ड्यूटीत गेला. हा एकच रविवार मागतेय."

उद्या सांगणार. नक्की.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सांगितलं. दादांनी आधी चहा संपवला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"छापून दिलेला कार्यक्रम म्हणजे दिलेला शब्द," म्हणाले. "आपण गुपचूप फिरवत नाही. सत्तावीस माणसं आहेत. बाकीच्या सव्वीस जणांचा होकार आण, कागदावर सही घेऊन. फोनवर हो म्हणतात आणि बसमध्ये भांडतात! एक जण जरी नाही म्हणाला, तर कार्यक्रम आहे तसाच. शुक्रवारपर्यंत."

"जाईबाईंना काय सांगू?"

"आत्ता काहीच नाही. आशा लावायची आणि परत मोडायची – असलं नको."

नोकरीबद्दल एक शब्द नाही. बारावी अर्धवट सोडून आलेल्या मला याच माणसाने पाच वर्षांपूर्वी खुर्ची दिली. आज ती काढून घेता आली असती. पचमढीच्या हॉटेलवाल्याशी तारखा बदलायचं त्यांनी स्वतःच बोलून घेतलं.

काउंटरवरच्या ऐश्वर्याने सह्यांचा कागद छापून दिला. वर म्हणाली, "अरे, असं तोंड घेऊन गेलास तर लोकांना वाटेल टूरच कॅन्सल झाली! जरा हसत जा रे."

बुधवार, १९ नोव्हेंबर

दोन दिवसांत आठ घरं. एकोणीस सह्या!

प्रत्येक दारात तेच सांगितलं – चूक माझी, रविवारी सांची, पचमढी दोन दिवस पुढे. मला वाटलेलं लोक दार लावतील. एका काकूंनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "म्हणजे भीमबेटका सोमवारी? माझा सोमवार असतो. ती गुहांतली चित्रं बघेन, पण खिचडी मिळेल का?" मिळेल म्हटलं, तिथेच वहीत लिहिलं. त्यांनी माझी वही बघून सही केली.

पलीकडच्या इमारतीत एक गृहस्थ म्हणाले, "या बाई फार चिडल्यात का?"

"त्यांना माहीतच नाही अजून."

"चिडलेल्या नसताना तू फिरतोयस?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "कर गं सही."

एवढी चांगली माणसं माझ्या यादीत नुसते खोली क्रमांक होती.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चोवीस झाल्या. राहिले दोन – ठाण्याचे रवींद्र सर आणि त्यांच्या पत्नी कलावतीबाई. सर कोर्टात नोकरीला होते. फोनवर म्हणाले, "नाही." आणि ठेवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळीच निघालो. शीळफाट्याला बस पाऊण तास जागची हलली नाही. तेवढ्यात काय बोलायचं ते चार वेळा मनात म्हटलं, आणि सरांनी दार उघडल्यावर सगळं विसरलो.

"नाही म्हणून सांगितलं ना?"

"सर, चूक माझी आहे. ती माझ्या तोंडून सांगायला आलोय."

आत घेतलं. माझं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक फोटो काढला. पचमढी, धूपगडचा कठडा, दोघं तरुण उभे. मागे तारीख – ३० नोव्हेंबर १९८५.

"लग्नानंतर तिथे गेलेलो. चाळीस वर्षांनी त्याच तारखेला, त्याच जागी उभं राहून सूर्यास्त बघायचा, म्हणून ही टूर घेतली. तुझा छापील कागद बघून. त्या बाईंचा रविवार आहे, तसा माझाही आहे. आता सांग, कुणाचा रविवार मोठा?"

पचमढीबद्दल तीन पानं लिहिलीत मी, धूपगडाची उंचीसुद्धा, आणि ते तिथे कशासाठी चाललेत हे मी विचारलंच नव्हतं. म्हटलं, "बरोबर आहे सर. मी येतो." कागद पिशवीत घातला आणि उठलो.

तेवढ्यात कलावतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

"बस रे. कुठला सूर्यास्त म्हणतायत हे? ढग होते त्या दिवशी! काही म्हणजे काही दिसलं नाही. मला थंडी वाजली, हे म्हणाले आता दिसेल, आता दिसेल. काळोख पडला."

"थोडा दिसलेला, कलावती."

"चाळीस वर्षं लोकांना सांगतायत – काय सूर्यास्त बघितला! मी गप्प बसले. फोटोत बघ, माझ्या अंगावर यांचा कोट आहे. मला तो कोट आठवतो. सूर्य दोन तारखेला बघू की. ज्याचं दार एकदाच उघडतं, तिथे आधी जावं."

सरांनी फोटो टेबलावर ठेवला. मग खिशातलं स्वतःचं पेन काढलं. सही करून खाली तारीख, वेळ – सगळं. "घड्याळात बघ, अकरा वीस बरोबर आहे ना," म्हणाले.

जिन्यात उतरताना डोळे पुसले. कुणी नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

नवी पुस्तिका छापून आली. जाईबाईंची प्रत मी स्वतः कल्याणला नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, सांचीचं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "किती पायऱ्या, तेपण लिहिलंस," म्हणाल्या. थोड्या वेळाने, "बरं झालं."

चूक सांगायला तोंड उघडलं. त्या लाडू आणायला उठल्या. राहून गेलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कल्याण स्टेशन. सत्तावीस मोजले, परत मोजले. सत्तावीस. गाडी सुटली, मी फलाटावरून परतलो.

रविवार, ३० नोव्हेंबर

साडेअकराला रवींद्र सरांचा फोन. मागे गलका, मंत्र, लाउडस्पीकर. "जाईबाईंचं दर्शन झालं. दीड तास रांगेत होतो. खुर्ची दिली तर बसेनात." जरा थांबून म्हणाले, "आम्हीही गेलो आत. काचेच्या छोट्या डब्या आहेत रे. एवढ्याशा. अडीच हजार वर्षं माणसं त्यातल्या अस्थी जपतायत." फोन चालूच राहिला. मीही ठेवला नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, आता जेव नीट.

मंगळवार, २ डिसेंबर

धूपगडहून कलावतीबाईंचा मेसेज. एकच शब्द – "दिसला!"

सोमवार, ८ डिसेंबर

जाईबाई ऑफिसात आल्या. त्या बसायच्या आत मी सगळं सांगून टाकलं – वार मी बदललेला, सव्वीस सह्या, सगळं. त्यांनी पिशवीतून ऑगस्टचा पहिला छापील कागद काढला. सांचीच्या मंगळवारभोवती निळ्या पेनाने गोल.

"हातात पडला त्याच दिवशी वाचलेला, बाळा."

"मग बोलला का नाहीत?"

"तक्ता बदला म्हणायची सवयच नाही. मंगळवारी बंद दाराला हात जोडून परत येणार होते."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पुढच्या वर्षीच्या सहलींची यादी मागितली आणि म्हणाल्या, "घे पेन. या वेळी वार मी सांगते."