नेमसिंग आडे याच्या देहाची आणि दोन काचपट्ट्यांची व्यवस्था

मी, नेमसिंग खेमसिंग आडे, वय ६८, कनिष्ठ महाविद्यालयाचा निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार फुलसावंगीजवळचा तांडा, ता. महागाव, जि. यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहितो. कर्करोग यकृतात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणून पाहावा.

१. शेत मुलगा बादल याच्या नावावर आधीच केले आहे. राहते घरही त्यालाच, पण एका अटीवर. अट कलम ५ मध्ये आहे.

२. भंगारात निघालेला सूक्ष्मदर्शक मी रीतसर लिलावात घेतला, पावती पेटीत आहे. तो मुलगी उज्ज्वला हिला. ती बाभुळगावला विज्ञान शिकवते. सोबत दोन काचपट्ट्या.

पहिली कांद्याच्या मुळाच्या टोकाची. तिच्यापायी मला चोर म्हटले गेले. नेहमीच्या लाल रंगात पेशीचे केंद्रक उठून दिसते, पण त्याच्या आतली केंद्रकी फिकीच राहते. जीवशास्त्राचे वामनराव सर शिकवत, "ते नुसतं टिंब आहे, काढा आणि पुढे चला." मला पटेना. वाढत्या टोकाकडे टिंब मोठे, वरच्या जुन्या पेशींत लहान, मग नुसते कसे? एका पुस्तकात वाचून १९९६ साली मी सिल्व्हर नायट्रेट वापरले, आणि केंद्रकी काळीभोर उठली. माझी बोटेही काळी झाली. सरांनी ती बोटे वर्गासमोर धरून दाखवली. "बाटली कमी कशी झाली ते कळलं. तांड्याचा माणूस, दुसरं काय करणार?" पट्टी पुढे केली, तर त्यांनी डोळासुद्धा लावला नाही. वर मेमो दिला.

३. तो मेमो वामनरावांना परत. ते हयात आहेत. उज्ज्वलाने त्यांच्या हातात द्यावा, सोबत पट्टीचा फोटो. मी त्यांना माफ केलेले नाही. मेल्यावर केले असे कोणी सांगत फिरू नये.

४. दुसरी पट्टी माझ्या यकृताच्या तुकड्याची. तुकडा तपासणाऱ्या डॉ. रुपाली यांच्याकडे हट्ट धरून मी ती पाहिली आणि मागून घेतली. पेशीपेशीत केंद्रकी टपोरी! केंद्रकी म्हणजे पेशीचा कारखाना. प्रथिने बनवणारी यंत्रे तिथे घडतात, म्हणून वाढ असली की ती फुगते. आणि कारखाना बिघडला की तिथूनच पेशीला निरोप जातो: वाढू नको, नाहीच जमले तर मर. माझ्या पेशींनी कारखाना वाढवला आणि निरोप ऐकणे सोडले. मरायचे नाकारणाऱ्या पेशी आता मला मारणार. उज्ज्वलाने हे मुलांना माझ्याच तुकड्यावर दाखवावे, आणि "पुढे चला" म्हणू नये.

माझा पांढरा कोट माझ्या जागी लागलेल्या गोविंदाला. खिशाला भोक आहे, शिवून घे.

५. देह. तो यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. वकील म्हणतात, देह मालमत्ता नसतो, वारसांनी सही केली तरच जातो. म्हणून अट: बादलने देह पोचवला तर घर त्याचे, नाही तर उज्ज्वलाचे.

बादल म्हणाला, "बा, लोक म्हणतील बापाले आग नाही देली. याडीले जिथं आग देली, तिथंच बाजूले जागा ठेवली ना मी तुमच्यासाठी." मला रडू आले, तेही इथे लिहितो. याडी, म्हणजे त्याची आई, माझी बायको धनीबाई, असती तर तीही भांडली असती. तरी नाही म्हणजे नाही. उभा जन्म मी दुसऱ्यांसाठी मेजावर बेडूक मांडले. आता मी झोपतो. तांड्याच्या माणसाच्या आत काय असते ते पोरांनी नीट डोळे लावून पाहावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.
नेमसिंग खेमसिंग आडे
फुलसावंगी, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. इंद्रजित खंदारे
२. डॉ. रुपाली भगत

त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर, मुलाने खाली लिहिले:

बानं वाचून दाखवलं. घर मले नाही पायजे, उज्ज्वलाच्या नावानं करा. घरासाठी बाप देला, असं कोणी म्हणलेलं मले खपणार नाही. सही मी करीन अन् बाले यवतमाळले मीच नेईन. पण आंघोळ मी घालीन, मंगच नेईन. हे विचारून नाही राह्यलो, सांगून राह्यलो.
बादल नेमसिंग आडे