बांधावरचा शेवटचा स्प्रिंकलर

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण शेती-अभियांत्रिकीची दोन वर्षं आणि तिसऱ्याचा दीड महिना, धंदा वडिलांच्या दोन एकरांत राबणं, हे मृत्युपत्र रुग्णालयाच्या खाट क्रमांक सातवर बसून स्वतःच्या हाताने लिहितो आहे. मी शुद्धीवर आहे. रागातही आहे, पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कोणी दमदाटी केलेली नाही, नशापाणी केलेलं नाही; साधं पाणीही सकाळपासून प्यायलेलो नाही, कारण आज चार वाजता माझं अपेंडिक्स काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, "अर्ध्या तासाचं काम." अर्ध्या तासात काय होतं ते मला विचारा. सल्लागाराने माझं वाटोळं तेवढ्याच वेळात केलं होतं.

कलम एक. जमीन, विहीर आणि मोटार बाबांची. त्यावर माझा काही हक्क नाही, हे ते दर जेवणाला सांगतात. माझी मिळकत म्हणजे सायकल, कॉलेजची पुस्तकं, एक वही आणि जुना विकत घेऊन मी स्वतः दुरुस्त केलेला स्प्रिंकलरचा संच: बावीस पाईप, अकरा स्प्रिंकलर.

कलम दोन. पुस्तकं ज्याला हवीत त्याने न्यावीत. अभ्यास झेपला नाही म्हणून मी कॉलेज सोडलं, असं बाबा सांगत फिरतात. तसं नाही. बांधापलीकडच्या मुलीचे वडील गेले, त्यांचं एक एकर तिने एकटीने कसायला घेतलं, आणि मला वसतिगृहात बसून पंपाच्या आकृत्या काढवेनात. हे मी कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. ती चूक क्रमांक एक.

कलम तीन. वही बाबांना. त्यांनी ती वाचावी, नुसती ट्रंकेत टाकू नये. पाणी पहाटे द्यायचं. दुपारी वारा अर्धं पाणी रस्त्यावर नेतो. नोझलच्या भोकात ड्रिलचं मापाचं बिट घालून बघायचं. सैल गेलं तर नोझल झिजलं, बदलायचं. एका ओळीत दोन मापांची नोझलं लावायची नाहीत. एवढ्यावरच आपली मोटार सहा तासांवरून चारवर आली आणि कांदा सगळीकडे सारख्या मापाचा निघाला. लहान रानात नफा असा थेंबाथेंबाने वाचवावा लागतो. पाणी सगळीकडे सारखं पडतं का हे बघायला मी आईच्या चोवीस वाट्या रानात मांडल्या, तेव्हा बाबा म्हणाले होते, "वाट्या रानात गेल्या, आता आमटी ओंजळीत घ्यायची का?" वाट्या मोरीशेजारच्या पाटीत आहेत. तेवीस आहेत. आई, माफ कर.

कलम चार. आता चूक क्रमांक दोन. ओळीतला शेवटचा स्प्रिंकलर बांधापासून आत घ्यायला हवा होता. मी तो मुद्दाम बांधावर ठेवला. त्याचं अर्धं पाणी तिच्या कांद्यावर पडायचं. ती पाटाने पाणी द्यायची, दमून जायची. म्हटलं, तेवढाच हातभार. सायकलवरून जाताना तिच्या कडेच्या चार ओळी हिरव्यागार दिसायच्या आणि माझी छाती फुगायची.

मग सल्लागार आला. हा पूर्वी माझ्याच बाकावर बसायचा. माझ्या वह्या उतरवून पास झाला आणि आता शेतांवर सल्ले देत फिरतो. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खिशात प्रेशर गेज. त्याने बांधाच्या दोन्ही बाजूंना भांडी मांडली, अर्धा तास पाणी चालवलं आणि तिच्यासमोर म्हणाला, "बघा. पाटाचं पाणी तुमचं, वरून हे ह्याचं. मुळांना श्वास नाही. तुमचा कडेचा कांदा सडतोय तो ह्याच्यामुळे."

तिने एक कांदा उपटला. खालून मऊ झालेला. मला विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने."

"आणि तोंड शिवलं होतं का तुझं?"

त्यानंतर सल्लागाराची गाडी तीन मंगळवार तिच्या बांधाशी उभी राहिली. पहिल्यांदा वीस मिनिटं, मग चाळीस, मग सव्वा तास. एक एकराला सव्वा तासाचा सल्ला? एवढ्यात मी अर्धं एकर भिजवलं असतं.

कलम पाच. माझी झिजलेली नऊ नोझलं सल्लागाराला. काम कमी आणि फवारा फार, स्वभाव जुळेल.

कलम सहा. स्प्रिंकलरचा संपूर्ण संच बांधापलीकडचीला. अट एकच: सल्लागाराने त्याला हात लावू नये. दाब मोजायला गेज लागेल आणि ते त्याच्याकडेच आहे, तेवढ्यापुरतं यावं. गेज लावावं, आकडा सांगावा, निघावं. बसायला सांगू नये. हसू तर मुळीच नये.

पुरवणी. एवढं लिहून झालं आणि दोन वाजता ती आली. माझ्या हातून कागद घेऊन उभ्यानेच वाचला.

"अपेंडिक्सला मृत्युपत्र? दाढ दुखली असती तर तेरावाच घातला असतास."

खाट आठवरचे निवृत्त कारकूनकाका साक्षीदार व्हायला तयार होते. दुसरा हवा होता. सिस्टरनी नकार दिलेला. ती म्हणाली, "मी करते सही."

"थांब पोरी," काका म्हणाले. "ज्याला मिळायचंय त्याने साक्ष द्यायची नसते. सही केलीस की तुझ्या नावचं कलम गेलं."

"म्हणजे संच माझ्या गळ्यात पडणार नाही?"

"नाही."

"पेन द्या."

मी म्हणालो, "नवा घेणार असशील. सल्ला आहेच."

"त्याने चार एकरांचा संच सांगितला. मला कशाला? मी पाट बंद केला आणि बांधावर मोजून तुझ्या संचाची एकच ओळ टाकली, तर दोन्ही रानांना पुरते. तुझ्या बाबांनी तुझी वही दाखवली मला. पण पाईप हलवायला दोन माणसं लागतात."

"सल्लागार आहे की."

"तो बूट काढत नाही," ती म्हणाली, आणि सही केली.

त्यामुळे कलम सहा रद्द. कलम पाच कायम.

लिहून देणार: सही
ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खाट सात
दिनांक: आजचाच, मंगळवार, दुपारी पावणेतीन

साक्षीदार एक: निवृत्त कारकून, खाट आठ. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दोन: बांधापलीकडची. माझ्यासमोर सही झाली. टाके निघेपर्यंत ह्याने पाईप उचलू नयेत. मी थांबते.