परामानसशास्त्राची पहिली इयत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

"परवा तो बोलला माझ्याशी," ताई म्हणाली. आणि त्याच दमात — "चहात साखर कमी झालीय का गं?"

भावजींना जाऊन वर्ष होत आलं. शाळेत, वर्गात, शिकवता शिकवता कोसळले. आणि आता म्हणे बोलले! शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर एक बाई बसते. डोळे मिटते आणि गेलेल्या माणसांचे निरोप सांगते. ताई दर शनिवारी तिच्याकडे जाते. 

"तो म्हणतोय, घर बदलू नकोस."

म्हणजे संपलंच! आमच्या गल्लीत तिच्यासाठी दोन खोल्या बघून ठेवल्यात. आई रोज विचारते, कधी येतेय? आता गेलेल्या माणसाशी वाद कसा घालायचा?

नवरोबांना सांगितलं. "टेलिफोनबाई!" म्हणाले आणि हसत सुटले. मग माझा चेहरा बघून — "अगं, तिला बरं वाटतंय ना? सोड की."

सोडवत नाही. ताई औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. एक गोळी रंगाने फिकी निघाली तर अख्खा घाणा परत पाठवणारी बाई ही! तिला खरंच काही ऐकू येत असेल? मला नाही वाटत. पण 'मला नाही वाटत' हे काही ज्ञान नव्हे.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर शोधलं. शब्द सापडला — परामानसशास्त्र. वाटलं, चला, शब्द सापडला म्हणजे अर्धं काम झालं. कसलं काय! एका बाजूला 'घरबसल्या अतींद्रिय शक्ती जागवा'. दुसऱ्या बाजूला 'हे मानणारे सगळे बावळट'. पहिल्यांना प्रश्नच पडत नाहीत आणि दुसऱ्यांचे सगळे सुटलेत. एक व्हिडिओ लावला तर नुसता धूर आणि व्हायोलिन.

मला असं कोणीतरी हवंय, ज्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या पुस्तकाच्या दुकानात गेले. राशिभविष्य आणि 'पोट कमी करा' यांच्या मध्ये एक कप्पा. सगळ्या मुखपृष्ठांवर डोळे. नुसते डोळे!

दुकानदार म्हणाला, "भुताखेतांचं हवंय की मानसशास्त्र?"

"मधलं."

"मधलं काही छापत नाहीत हो."

आत्ता ताई तिथे बसली असेल. शिंप्याच्या दुकानावर, त्या बाईसमोर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय योग! (हा शब्द मीच वापरला. बघा.)

माझं काम कान तपासायचं. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. मध्येच मी मुद्दाम काहीच सोडत नाही. तरी लोक दाबतात! खोटारडे नसतात बिचारे. ऐकायचं इतकं मनात असतं, की ऐकू येतं.

आज एक आजीबाई आल्या. ताठ, पांढरे केस कापलेले, पायात पुरुषी बूट. कान बरेच गेलेत. पण शांततेत एकदाही बटण नाही! बाहेर आल्यावर त्यांनीच मला विचारलं, "मध्ये मध्ये काही न वाजवता थांबत होतात ना? तेव्हा किती जण दाबतात?"

हे आजवर एकाही पेशंटने विचारलेलं नाही. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"माझा सगळा जन्म त्यातच गेला. विद्यापीठात शिकवायचे. परामानसशास्त्र."

माझ्या हातातलं श्रवणयंत्र खाली पडायचंच बाकी होतं! सगळं सांगून टाकलं — ताई, टेलिफोनबाई, डोळ्यांचा कप्पा. त्यातल्या त्यात चांगला कान पुढे करून नीट ऐकलं त्यांनी. मी विचारलं, तुमचा यावर विश्वास आहे का?

"विश्वासच ठेवायचा असता तर प्रयोग कशाला केले असते?" मग म्हणाल्या, "शनिवारी घरी या. पिशवी आणा."

१५ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमचं घर. (मी मनात मॅडमच म्हणते.) बैठकीच्या खोलीत एक खुर्ची माणसासाठी, बाकीच्या पुस्तकांसाठी. माझ्यासाठी एक रिकामी केली आणि त्यावरची पुस्तकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या.

मी म्हटलं, सुरुवातीचं एक चांगलं पुस्तक द्या.

"एक? एका पुस्तकाने भक्त होतात. नाहीतर शत्रू."

आधी काय हातात दिलं? साध्या मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक! कॉलेजातलं, कोपरे दुमडलेलं. मी हिरमुसले. "स्मृती आणि संवेदना, ही दोन प्रकरणं वाचा. रोजचं मन कसं फसतं ते कळल्याशिवाय त्याच्या पलीकडे जायची घाई कशाला?" मग या विषयाचा इतिहास — लिहिणारा ना भाविक, ना खवळलेला. मग दोन पुस्तकं एकत्र बांधलेली, सुतळीने. एक मानणाऱ्या संशोधकाचं, एक न मानणाऱ्याचं. दोघांनीही प्रयोगशाळेत वर्षं घालवलेली. "याचं एक प्रकरण, मग त्याचं एक. सलग वाचलंत तर जो शेवटी बोलेल तोच खरा वाटेल." आणि सगळ्यांत वर एका जादूगाराचं. टोपीतून कबुतर काढणाऱ्या जादूगाराचं! "आम्हा शास्त्रज्ञांना फसवणं सोपं. आम्हाला वाटतं, निसर्ग लबाडी करत नाही. माणूस करतो, हे जादूगाराला ठाऊक असतं."

मी विचारलं, दुकानात उभं राहून चांगलं पुस्तक ओळखायचं कसं? म्हणाल्या, त्यात फसलेले प्रयोग शोधा. एकही फसलेला प्रयोग नसेल तर ठेवून द्या.

मग स्वतःचं सांगितलं. तरुणपणी पत्त्यांचे प्रयोग केले. एका खोलीत एक जण पत्ता बघणार, दुसरा दूरच्या खोलीत ओळखणार. एकदा इतके बरोबर आले की विभागात पेढे वाटायचे बाकी राहिले. विभागप्रमुख म्हणाले, लगेच छापा! मॅडम म्हणाल्या, आधी पुन्हा करते. पुन्हा केलं — नाही आलं. तिसऱ्यांदा केलं — नाही. तिन्ही छापले, एकाच लेखात. बढती दुसऱ्याला मिळाली.

"मग पहिल्यांदा का आले?"

"माहीत नाही. तेही लिहिलंय." आणि हसल्या! अगदी लहान मुलीसारख्या.

पिशवीने खांदा दुखतोय. मन मात्र पिसासारखं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वाचतेय. दूध उतू गेलं. दोनदा. नवरोबा म्हणतात, गॅस तुझ्या मनातलं ओळखत नाही, बंदच करावा लागतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

काय माणसं होती ही! लिफाफ्यात लिफाफा, त्यावर लाख, तो तिसऱ्याच माणसाच्या कपाटात. प्रयोग करणाऱ्यालाही उत्तर माहीत नाही — का, तर त्याच्या भुवईवरून कळायला नको. भुवईवरून! आपण खोलीत शिरताना कसं खोकतो याचाही विचार केलेला. काही लबाड निघाले. ते कोणी पकडले? बहुतेक वेळा त्यांच्याच सोबत्यांनी. मैत्री गेली तरी चालेल म्हणून.

आणि इतक्या निगुतीने, इतकी वर्षं करून हाती काय? जवळजवळ काहीच नाही. मध्येच एखादा आकडा चमकतो आणि पुन्हा अंधार. मानणारा म्हणतो, चमकलं होतं! न मानणारा म्हणतो, डोळे चोळ. मी सुतळीच्या सांगण्याप्रमाणे आलटूनपालटून वाचते आणि दोघांनाही मान डोलावते. पूर्वी मला वाटायचं, मत बदलणं म्हणजे हार. आता वाटतं, जमायला हवं बुवा हे!

जादूगाराचं सगळ्यांत मजेदार. निरोप सांगणारी माणसं काय करतात, तर मोठं जाळं टाकतात. 'छातीपाशी काहीतरी दुखत होतं.' 'एखादा जुना फोटो.' समोरचा स्वतःच मासा होऊन त्यात उडी मारतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

ताईचा फोन. टेलिफोनबाई म्हणाली, घरात एक निळी वस्तू आहे, ती त्याला आवडायची.

निळी वस्तू! कोणाच्या घरात नसते? जीभ चावली. मॅडमना फोन केला, म्हटलं, जाळं सापडलं! आता ताईला दाखवते.

पलीकडे बराच वेळ शिट्टीसारखा आवाज. कानातलं नवं यंत्र नीट बसवलेलं नव्हतं त्यांनी. मग म्हणाल्या, "दाखवा. पण आधी स्वतः जाऊन बघा. न बघता बोलायचं नाही."

बरोबर आहे.

१ मार्च, शनिवार

गेले. ताई म्हणाली, "तू येणार? खरंच?" आणि नवी चप्पल घातली.

खालून शिलाई मशीनची घरघर. वर एक साधी खोली, टीव्हीवर टाकलेला टॉवेल, खिडकीत वाळत घातलेले मोजे. मी गूढ बाईची तयारी करून गेले होते. निघाली सर्दी झालेली, थकलेली, माझ्या मावशीसारखी. लुटते अशातलाही भाग नाही. तिचा स्वतःचाच स्वतःवर विश्वास असावा. हे मला पुस्तकांनी शिकवलं, नाहीतर आज मी भांडूनच आले असते.

डोळे मिटले. "त्यांना गुडघ्यांचा त्रास होता."

भावजी? जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे!

ताई म्हणाली, "हो."

"शांत स्वभाव. कमी बोलायचे."

भावजी?! "हो," ताई म्हणाली. चेहऱ्यावर एक बारीकसं हसू.

मी बघतच राहिले. काचेच्या खोलीत बसलेली माझी ताई, आणि आवाज नसताना बटण दाबतेय. एकदा नाही, दर वेळी. परत येताना ती रस्ताभर आपल्याच नादात.  आणि चाल कशी हलकी होती तिची! 

उद्या सांगणार.

२ मार्च, रविवार

सांगितलं. प्रकरणांसकट. जाळं, मासा, भुवई, स्मृती — ताई सफरचंद कापत होती, ती कापतच राहिली. मी तिला रागावलेली बघायची तयारी केली होती, रडताना बघायचीही. ती म्हणाली, "झालं?"

"झालं."

"छान सांगतेस गं तू. ते जादूगाराचं पुस्तक दे मला."

दिलं! मॅडमना लगेच कळवलं. म्हणाल्या, "वाचते म्हणाली? मग तुमच्या ताईला कमी समजू नका." मी कुठे समजतेय? मी तर हवेत आहे! दोन खोल्यांना रंग द्यायला सांगू का?

९ मार्च, रविवार

ताईने पुस्तक परत दिलं. पेन्सिलीने खुणा केल्यात! "चांगलं आहे. पण हे मला पहिल्याच शनिवारी कळलं होतं."

"आणि घर बदलू नकोस?"

"ते माझं मत. मी सांगून तुम्ही ऐकत नव्हता. म्हटलं, त्याच्या तोंडून सांगावं."

"मग जातेस कशाला?"

सफरचंदाच्या फोडी माझ्यापुढे सरकवल्या तिने. "तिथे त्याच्याबद्दल बोलतात गं. आई विषय बदलते, तू भांडी घासायला उठतेस. तुम्हाला वाटतं मला त्रास होईल. ती बाई सगळं चुकीचं सांगते, पण सांगते. गुडघे म्हणाली ना, तसा तो जिन्यावरून धडधडत वर आला. रस्ताभर होता माझ्याबरोबर."

मी एक फोड उचलली. मग म्हटलं, "भावजी भांडी विसळताना गाणी म्हणायचे ना, बेसूर..."

"चूक," ताई म्हणाली. खुर्ची ओढून जवळ बसली. "गाणी नाही. शीळ घालायचा. सांग अजून."