परातीतली मूठ

आई,

रविवारी माझा सत्कार आहे. हसू नकोस. आमच्या सोसायटीनं मोबाईलवर दानाची एक सोय केली आहे. दुधाचं, भाजीचं, रिक्षाचं बिल भरलं की वरचे सुटे पैसे आपोआप गरीब मुलांच्या जेवणासाठी जातात. "काकी, कवा गेलं त्ये कळत बी न्हाय बघा!" सेक्रेटरी छाती फुगवून सांगत होता. कळत नाही, हेच म्हणे त्याचं मोठेपण. वर्षभर माझा एकदाही खंड पडला नाही, म्हणून गेटवर माझा फोटो लागलाय आणि खाली 'दानशूर'. अगं, लेकानं मोबाईल घेऊन दिला तेव्हाच ते बटण चालू केलं होतं, मला पत्ताही नव्हता. शेजारीण जिन्यात स्वतःच्या दानाचं कौतुक सांगते आणि खाली उतरून रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालते. अशांच्या हातून मी फेटा बांधून घ्यायचा, आणि वर सगळ्यांनी तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा. किळस येते मला.

तू पाचजणांचं पीठ मापून परातीत घ्यायचीस, मग त्यातली एक मूठ झाकणाच्या डब्यात टाकायचीस. शनिवारी गरीब मुलांच्या बोर्डिंगचा स्वयंपाकी सायकलवरून येऊन डब्यातलं पीठ घेऊन जायचा. मी नऊ वर्षांची आहे, तू तापानं भिंतीकडेला पडली आहेस, आणि भाकरी मी थापणार आहे. आपल्याला कमी पडू नये म्हणून मी परातीला हात न लावता पिठाच्या मोठ्या डब्यातली मूठ काढते. पडल्या पडल्या तुला दिसतं.

"मोठ्या डब्यातनं काढलीस व्हय?"

"पीठ त्ये पीठच की."

"डब्याला भूक लागती? परातीतनं काढ."

रागानं माझे कान तापले होते. शेवटची भाकरी बशीएवढी झाली, ती तू अंथरुणावरून हात लांब करून स्वतःकडे ओढलीस. रोजच ओढायचीस. कितीतरी वर्षं मला वाटायचं, तुला लहानच भाकरी आवडते.

रविवारी माईक हातात आला की हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण सांगण्याआधी आपण करून बघावं, म्हणून काल परातीत आम्हा नवरा-बायकोचं आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं पीठ मापलं आणि त्यातली मूठ काढून बाजूला ठेवली. शेवटची भाकरी तशीच बशीएवढी झाली. मला केवढा आनंद झाला!

तू गेलीस तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. ती बशीएवढी भाकरी मी मावशींच्या ताटात वाढली. माझ्या ताटात मोठी होती.