कारण विचारायचं नाही

दि. ११ फेब्रुवारी, मंगळवार

ती. ताईंस नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? थंडीत जास्त दुखतात असं हे नेहमी सांगायचे, म्हणून आधी तेच विचारते. भावोजींनाही नमस्कार सांगा.

इकडे सगळं ठीक आहे. तुम्ही इथे होतात तेव्हा स्वयंपाकघरातला नळ ठिबकायचा, तो दुरुस्त करून घेतला. तुमची शाल इथेच राहिली होती, ती धुऊन घडी करून ठेवली आहे. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई तुमची आठवण काढतात. जिन्यातल्या पसाऱ्यावरून तुम्ही त्यांच्याशी भांडला होतात ना, त्या म्हणतात, "तुमच्या नणंदबाई गेल्यापासून जिन्यात करमत नाही."

आज वार कामाचा आहे आणि मी घरी आहे. काळजी करू नका, आजारी नाही. नोकरीही सुटलेली नाही. मला रजा मिळाली आहे, पण ती कशी मिळाली हे सांगायला बरंच मागून सुरुवात करावी लागेल. मला बोलायला जमत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्यात तर मला घुमीच म्हणतात. लिहायला तरी जमतं का पाहते.

माझं काम तुम्ही कधी पाहिलेलं नाही. काचेच्या बाटल्या भट्टीतून निघून, गार होऊन पट्ट्यावरून आमच्यापुढे येतात. पलीकडे पांढरा उजेड असतो. त्या उजेडात बाटलीला तडा आहे का, बुडबुडा आहे का, खडा अडकलाय का, ते पाहायचं आणि खराब बाटली उचलून खाली टाकायची. एवढंच. पण तेवढंच करत राहिलं की काही वेळानं डोळा पाहतो आणि त्याला दिसत नाही. तडा समोरून निघून जातो. म्हणून आमच्यात एक पद्धत आहे. डोळे थकले की बोट वाकवून समोरच्या पत्र्यावर ठोकायचं. ठोका ऐकला की शेजारीण दोन्ही पट्ट्यांवर नजर ठेवते. आपण डोळे मिटायचे, पाणी प्यायचं, जे काय असेल ते करायचं. शेजारीण का म्हणून विचारत नाही. विचारायला मान वळवली तर तिच्याही बाटल्या निसटतील. आभारही कुणी मानत नाही. थोड्या वेळानं ती ठोकते, तेव्हा आपण तिचा पट्टा घ्यायचा, की झालं.

माझ्या शेजारी काकू बसतात. माझ्याहून वयानं मोठ्या, आणि तोंडानं त्याहून मोठ्या. माझ्या वाटचंही त्याच बोलतात.

हे गेल्यानंतर मी कामावर परत गेले त्या सुमारास आमच्याकडे एक मुलगी नवीन लागली होती. नवी म्हणूनच तिला सगळे ओळखतात. तिची आई दवाखान्यात होती आणि नवीकडे रजा नव्हती. नव्या माणसाला कुठली रजा. ती पट्ट्यापुढे बसून रडायची. आवाज नाही, नुसतं पाणी. तडे गेलेल्या बाटल्या पुढे जायच्या आणि ती मुकादमाची बोलणी खायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत काकू म्हणाल्या, "हिच्याकडे रजा नाही आणि माझी पडून आहे. मला का लोणचं घालायचंय तिचं?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, मग द्या तिला.

एवढंच बोलले, आणि गळ्यात पडलं. प्रत्येकीनं आपल्या रजेतला एखादा दिवस एका सामायिक खात्यात टाकायचा आणि जिला अडचण असेल तिनं त्यातून घ्यायचा, असं ठरलं. मुकादमाच्या भाषेत ती सामायिक रजा, काकूंच्या भाषेत गल्ला. अर्ज कुणी लिहायचा? शिकलेली कोण, तर घुमी. साहेबांकडे कोण जाणार? अर्ज जिनं लिहिला ती.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "रजा म्हणजे काय वाटीभर साखर आहे, शेजारणीकडून उसनी आणायला?" पुढे म्हणाले की चालवायचंच असेल तर रजा घेणाऱ्यानं कारण लिहून दिलं पाहिजे, आणि ते खरं आहे की नाही ते पाहावं लागेल.

मी मान हलवून बाहेर यायला हवं होतं. नेहमी तसंच करते. पण मला एकदम फार थकल्यासारखं झालं, आणि थकव्यापायी माणूस कधीकधी बोलून जातो. म्हटलं, "साहेब, पट्ट्यावर शेजारणीनं ठोकलं की आम्ही कारण विचारत नाही. विचारत बसलो तर तुमच्या बाटल्या फुटक्या जातील." त्यांनी अर्ज ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी येऊन आमच्या मागे बराच वेळ उभे राहिले. काकूंनी ठोकलं, मी पट्टा घेतला. मी ठोकलं, त्यांनी घेतला. जाताना साहेब मुकादमाला म्हणाले, वर्षभर करून बघा, गैरफायदा दिसला की बंद.

तेव्हापासून रजा मागायचीही तीच रीत पडली. मुकादमाच्या टेबलावर बोटानं ठोकायचं. जितके ठोके तितके दिवस. तो मान वर न करता नाव लिहितो. कारण विचारायचं नाही, हा नियम मीच घालून दिलेला.

भट्टीवर काम करणाऱ्या पुरुषांनी आधी नाकं मुरडली. म्हणाले, बायका माहेरी जाऊन बसतील आणि आम्ही इथे भट्टी फुंकत राहू. काकू म्हणाल्या, "तुम्हाला माहेर नाही यात आमचा काय दोष?" पुढे त्यांच्यातल्याच एकाचा लहान मुलगा गच्चीवरून पडला. बाप येऊन टेबलापाशी उभा राहिला, हात वर उचलून तसाच थांबला, आणि मग त्यानं ठोकलं. काकूंच्या जिभेवर काय काय आलं असेल ते मला दिसत होतं. त्यांनी गिळलं. आमच्या गल्ल्यात पडलेलं सर्वांत मोठं दान तेच असेल.

तर असं ते चाललं आहे. नवीची आई बरी होऊन घरी आली. मात्र मी दमते, ताई. कुणी म्हणतं, मी दिवस दिला पण मला कधी मिळणार? कुणी म्हणतं, अमकीनं ठोकलं आणि ती बाजारात दिसली. मी प्रत्येकीला तेच सांगते, विचारायचं नाही. मागे एका सभेत साहेबांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, या बाईंनी दुःख गिळून केवढं काम उभं केलं. टाळ्या झाल्या. मी फरशीकडे बघत होते. उभं वगैरे मी काही केलेलं नाही. अर्ज लिहीत बसलं की घरी जायला उशीर व्हायचा, तेवढंच मला हवं होतं.

आता आजच्या रजेचं. मुकादमाच्या टेबलाचा खण अडकतो. आमचे सुती हातमोजे त्यात असतात. काल माझे फाटले म्हणून नवे घ्यायला गेले. तो काहीतरी लिहीत होता, त्याला कशाला उठवा म्हणून मी खण ओढला, आणि सुटावा म्हणून वरून ठोकलं. तिसऱ्या ठोक्याला खण उघडला. मुकादमानं मान वर न करता माझ्या नावापुढे तीन दिवस लिहिले.

मी म्हटलं, अहो, मी खण उघडत होते. तर तो माझ्याकडे बघायलाच तयार नाही. "आम्ही कारण विचारत नाही, बाई," म्हणाला. मी म्हटलं, विचारू नका, मी सांगते आहे. काकू मागून म्हणाल्या, "सांगायचंही नाही. नियम तुझाच आहे. ठोकलंस ना? जा आता घरी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. गल्ला सुरू झाल्यापासून त्या टेबलावर सगळ्यांनी कधी ना कधी ठोकलं होतं, मी सोडून. हे त्यांनी ध्यानात ठेवलं असणार. खण अडकतो हे तिथे कुणाला माहीत नाही?

तर आज मी घरी आहे. सकाळी नेहमीच्याच वेळेला उठले. हाताच्या सवयीनं डबा भरला, झाकण लावलं, आणि मग उघडून खिडकीपाशी बसून त्यातलंच खाल्लं. केर काढला. कपडे धुतले. खालच्या बाई विचारायला आल्या, बरं आहे ना, तर म्हटलं बरं आहे. दुपार व्हायच्या आत करण्यासारखं काही उरलं नाही.

ह्यांचा पलंग अजून तिथेच आहे. तुम्ही बसायचात ती खुर्चीही तिथेच. मी ती हलवलेली नाही. झाडताना तिच्याभोवतीनं झाडते. आज पहिल्यांदा तिच्यावर बसले, आणि मग पलंगावर ह्यांच्या जागी आडवी झाले. ताई, तिथून दार सरळ दिसतं. इतकी वर्षं या खोलीत राहते, मला हे ठाऊक नव्हतं.

पत्र लिहायला घेतलं ते यासाठी. नळाचं आणि शालीचं सांगण्यासाठी नव्हे.

त्या दिवशी मी घरी येऊन पोचले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. तुम्ही माझ्याकडे पाहून एकच वाक्य बोललात. "एक दिवस थांबली असतीस तर." त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि मी तुमच्याशी. मला तुमचा राग आला नाही, आजही नाही. दिवसरात्र तुम्ही त्यांच्याजवळ बसला होतात. मोठी बहीण दुसरं काय म्हणेल? पण मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आज देते.

तोच एक दिवस माझ्याकडे नव्हता. होती नव्हती ती सगळी रजा त्यांच्या आजारपणात संपली होती. आणखी एक खाडा झाला असता तर नोकरी गेली असती, आणि त्यांचा औषधोपचार त्या नोकरीवर चालला होता. हे त्यांना माहीत होतं. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनीच मला बजावलं होतं, तुम्ही हातातल्या बांगड्या काढून द्याल म्हणून. त्या सकाळी मी दारात घुटमळले, तुम्ही आंघोळीला गेला होतात. ते म्हणाले, "जा ग. मी कुठे पळून चाललोय?" आणि हसले. म्हणून मी गेले.

मुकादमानं पट्ट्यावर येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा मी ठोकलंही नव्हतं. काकूंनी आपणहून माझा पट्टा घेतला. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. आमच्यात पाहत नाहीत.

गल्ला का सुरू केला ते साहेबांना वाटतं नवीसाठी. नवीलाही तसंच वाटतं. वाटू दे. तुमचं ते वाक्य माझ्या कानात होतं. कुणाला तसं ऐकावं लागू नये, आणि कुणावर तसं म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं.

आता जे विचारायचं आहे ते विचारते. शेवटी खोलीत फक्त तुम्ही होतात. ते काही बोलले का? माझ्याबद्दल काही विचारलं का? दाराकडे बघत होते का? इतके महिने मी हे विचारलं नाही, कारण काहीही उत्तर आलं असतं तरी ते घेऊन मला एकटीला या खोलीत राहायचं होतं. तुम्हीही आपणहून सांगितलं नाहीत. माझ्यावर रागावला होतात म्हणून, की सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून, ते मला कळत नाही.

याचं उत्तर पत्रानं पाठवू नका. आज हे पत्र तुमच्याकडे येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीच्या चालकाजवळ देते आहे, म्हणजे माझ्याआधी पोचेल. उद्या सकाळच्या गाडीनं मी येते. शाल घेऊन येते. परवापर्यंत राहीन, तुम्ही ठेवून घेतलंत तर. दार वाजलं की मीच असेन. का आलीस म्हणून भावोजींसमोर विचारू नका. ते झोपल्यावर, किंवा बाहेर गेल्यावर, तुमच्याजवळ बसेन. हे शेवटी काही बोलले असतील तर जसं बोलले तसं सांगा. काहीच बोलले नसतील तर तेही सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही जोडू नका. काचेतला तडा ओळखण्यात माझं आयुष्य गेलं आहे, माझ्या ते लक्षात येईल.

आणि तुम्हाला सांगवणार नसेल, तर नुसतं ठोका. मी पुढे विचारणार नाही.

अजून तुमचीच,
भावजय