उष्टावणाचं पातेलं

१२ नोव्हेंबर
टाकव्याहून तळेगावपर्यंत एसटीच्या काचेवर नुसतं धुकं. प्रयोगशाळेत दिवसभर बाळांच्या खाऊचे डबे. मी नळ्या विसळतो, मॅडम धातू मोजतात. तांदळाचं सत्त्व आम्लात विरतं, नितळ पाणी उरतं. त्यात शिसं असलं तरी दिसत नाही. निर्गुणासारखं... छे, उपमा चुकली.

१५ नोव्हें.
बहिणीच्या, वैशालीच्या मुलीचं उष्टावण आमच्याकडेच, आजोळी. त्यासाठी आईने तिच्या पितळी पातेल्याला लोणावळ्याहून कल्हई करून आणवली. आत चांदणं सांडल्यासारखं. माझा पहिला घास यातलाच. वैशालीचाही.

१८ नोव्हें.
आमच्या वावरातल्या नव्या इंद्रायणी तांदळाची पेज आईकडून त्याच पातेल्यात करून घेतली, डब्यातून मॅडमकडे नेली. एकदा बघून ठेवावं म्हणून.
"काका, तांदूळ आणायचा. पेज कशाला?"
"देवाला कच्चं दाखवत नाहीत, मॅडम."
हसल्या. ठेवून घेतली.

२१ नोव्हें.
पेजेत शिसं. बाळाला चालणार नाही इतकं. मॅडम आज हसल्या नाहीत. "आता तांदूळ आणा. पाणी पण."
येताना कापल्या खाचरात बगळे उभे. आपलीच माती, आणि तिच्याकडे बघवेना.

२५ नोव्हें.
तांदूळ चांगला. पाणीही चांगलं. वावराला मनोमन नमस्कार केला. मग मॅडम म्हणाल्या, "शिजवलं कशात?" कल्हईच्या कथलात कधी शिसं मिसळतात म्हणे.
नुसता तांदूळच नेला असता तर कळलंच नसतं...

२६ नोव्हें.
आईला सांगितलं.
"तुमी समदी ह्यातच वाढली. मेलं का कोनी?"
"ही कल्हई येगळी, आई."
"मग पावन्यांम्होरं इस्टीलमधी रांधू व्हय? लेकीच्या लेकीला?"
आमची ही आईला म्हणाली, "आत्याबाई, लेकरू कुटं भांडं बघतंय?" आई उठून गेली. जेवली नाही.

३० नोव्हें.
आज उष्टावण. उठलो तर खीर तयार. मोरीपाशी स्टीलचं पातेलं उपडं, शेजारी पितळेचं. दोन्ही ओली.
"आई, कशात केली?"
वाती वळत होती. वर पाहिलं नाही. "देवाम्होरं ठेवलीया. बघ की."
पाहिली. वाटीत पांढरी खीर, वर तुळशीचं पान. निवद दाखवून झालेला. बघून काय कळणार?
पाट मांडलाय. वैशाली हाक मारतेय, बाळ उगाच हसतंय. घास भरवायची सोन्याची अंगठी माझ्या मुठीत.
आधी आईपाशी जाऊन बसतो. ती सांगेल, मग घास.